एक जून आणि बावीस जून

महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडून पाहा. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून ही तारीख इतक्या वेळा भेटते की वाटावे, या राज्यातली निम्मी माणसे एकाच दिवशी जन्माला आली. त्यामागचे कारण सर्वांना ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये भरायची. बाप पोराला हाताला धरून आणायचा. मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? बाप सांगायचा, ज्वारी काढणीला आली होती तेव्हाचा. मग मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचे. हात कानाला लागला की पोर सहा वर्षांचे झाले असे धरायचे, तेवढी वर्षे मागे मोजायची आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. मराठा, माळी, ठाकर, कोळी, मुसलमान, सगळ्यांच्या पोरांना हाच न्याय. निदान या एका रकान्यात तरी गावात जातपात उरली नव्हती.

मात्र आमच्या घरांत तारखा मोजल्याच जात नव्हत्या, असे कोणी समजू नये. सातव्या दिवशी अकीका व्हायचा, म्हणजे सात दिवस कोणीतरी मोजत होते. बिस्मिल्लाखानी चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांनी करण्याची रीत होती. एवढा बारीक हिशेब जन्माचा दिवस ठाऊक असल्याशिवाय कसा होईल? तारीख घरात होती. ती चाँदच्या महिन्यात होती, आजीच्या तोंडी होती. शाळेच्या रकान्यात मात्र शाबान किंवा सफर लिहायला जागा नव्हती. म्हणून रजबमध्ये जन्मलेला पोरगाही १ जूनचा झाला आणि पुढे साठ वर्षे १ जूनचाच राहिला.

आम्ही बोरी बुद्रुकला राहतो आणि तालुक्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवतो. आमच्या वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावलेला आहे. मुलांनी त्याला नाव दिले आहे, ‘जादूगर और खलाबाज’. जादूच्या, परग्रहांच्या, अदृश्य माणसांच्या आणि डायनासोरच्या चित्रपटांत व मालिकांत ज्यांनी कामे केली, अशा कलावंतांचे वाढदिवस त्यावर लिहिले आहेत. उर्दू शाळेत हा कसला उद्योग, असे कोणाच्याही मनात येईल. तेव्हा त्याची हकीकत सांगायला हवी.

सुरुवात इरफान खानपासून झाली. २९ एप्रिल २०२० रोजी तो मुंबईत वारला. टाळेबंदी होती, रमजान नुकताच लागला होता. शाळा बंद असल्याने आम्ही मोबाईलच्या ग्रुपवर धडे पाठवत होतो. धड्यांच्या मध्येच एका मुलाने लिहिले, ‘सर, जुरासिक वाले अंकल गुजर गए.’ २०१५ च्या ‘जुरासिक वर्ल्ड’मध्ये डायनासोरच्या बागेचा मालक झालेला इरफान त्याने पाहिला होता. २०१२ च्या ‘स्पायडरमॅन’मधला डॉक्टर राठाही त्याला माहीत होता. आमचा इरफान त्याहून जुना. दूरदर्शनवर १९९४ साली सुरू झालेल्या ‘चंद्रकांता’तला ऐयार. पुढच्या ७ जानेवारीला त्याच मुलाने पुन्हा लिहिले, ‘आज उनकी सालगिरह है.’ त्या दिवशी ग्रुपवर पस्तीस जणांनी काही ना काही लिहिले. अभ्यासाच्या प्रश्नाला पाच जणही उत्तर देत नव्हते, अशा त्या दिवसांत पस्तीस! इगतपुरी तालुक्यातल्या एका वस्तीच्या शाळेला इरफानने मदत केली होती आणि तिथल्या लोकांनी त्याच्या माघारी वस्तीला ‘हिरोची वाडी’ असे नाव दिले, ही बातमीही एका मुलीनेच शोधून टाकली. शिक्षकाला यापेक्षा वेगळे काय हवे असते? शाळा उघडल्यावर आम्ही कोरा कागद भिंतीवर लावला.

आमच्या पद्धतीत केक नाही, मेणबत्ती नाही, टाळ्याही नाहीत. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्याविषयी एक मूल उर्दूत दहा ओळी वाचते, दुसरे मराठीत पाच ओळी. मग फळ्यावर गणित मांडायचे. जन्म अमुक साली, तर आज वय किती, आणि हिजरी सनाप्रमाणे किती? चाँदचे वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे ३३ वर्षांची ३४ होतात. हे गणित मुले फार आवडीने करतात, कारण त्यात माणूस एकदम मोठा होतो. शेवटी मूठभर गूळ-शेंगदाणे. सगळे मिळून वीस मिनिटांचे काम.

तक्त्यावरचा सर्वांत लाडका दिवस म्हणजे २२ जून. शाळा उघडून आठवडा झालेला असतो, नव्या वह्यांचा वास अजून गेलेला नसतो. या एकाच तारखेला दोघे जन्मले. पहिला अमरीश पुरी, १९३२ चा. १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’तला मोगॅम्बो. आजची मुलेही त्याची नक्कल करतात, त्यांच्या आईबापांनीही केली. कर्मचारी राज्य विमा निगमातली नोकरी सांभाळून या माणसाने कित्येक वर्षे नाटके केली आणि चाळिशी उलटल्यावर पडद्यावर नाव कमावले, हे मुलांना सांगितले की ती आपापल्या नोकरदार चाचा-मामांकडे निराळ्या नजरेने पाहू लागतात. त्याच अमरीश पुरींनी १९८४ साली ‘इंडियाना जोन्स’च्या चित्रपटात डोके तासून मोलारामचे काम केले. त्यांचे निधन १२ जानेवारी २००५ रोजी झाले.

दुसरा टॉम ऑल्टर, १९५० चा, मसुरीला जन्मलेला. आमच्या पिढीला तो ‘शक्तिमान’चा महागुरू आणि ‘कॅप्टन व्योम’मधला विश्वप्रमुख म्हणून माहीत. १९९७ साली ‘शक्तिमान’ आणि १९९८ साली ‘कॅप्टन व्योम’ सुरू झाली, तेव्हा आम्ही चाळीतल्या एकाच टीव्हीपुढे दाटीवाटीने बसत होतो. रंगाने गोरा, आईबाप अमेरिकन मिशनरी, पण उर्दू अशी की ऐकत राहावे. हरियाणातल्या जगाधरीच्या शाळेत त्याने काही काळ शिकवले, मग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनय शिकला, आणि २००२ पासून रंगमंचावर मौलाना अबुल कलाम आझाद उभे करत राहिला. उर्दू मुसलमानांची भाषा आहे, असे मुलांना रस्त्यात कोणी ना कोणी ऐकवत असते. मुलेही ते खरे मानून बसलेली असतात. महागुरूची गोष्ट ऐकली की त्यांना कळते, भाषा जो जिभेवर घेईल त्याची. आम्ही व्याकरणाच्या तासाला हे शंभरदा सांगितले असते तरी उतरले नसते.

मुलींनी दोन नावे आग्रहाने लिहायला लावली. एक पर्सिस खंबाटा. मुंबईची पारशी मुलगी, जन्म २ ऑक्टोबर १९४८, म्हणजे थेट गांधीजयंतीचा. १९६५ ची मिस इंडिया. १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटासाठी तिने डोक्यावरचे सगळे केस उतरवले आणि अवकाशयानाची चालक झाली. १९९८ साली, पन्नाशीही न गाठता, ती मुंबईतच गेली. दुसरे नाव जोहरा सेहगल. जन्म २७ एप्रिल १९१२, सहारनपूर, रामपूरच्या पठाण घराण्यातली साहेबजादी. उदय शंकरांच्या नृत्यमंडळीत गेली, पृथ्वी थिएटर्समध्ये चौदा वर्षे काम केले, मग विलायत गाठली. तिथे ‘डॉक्टर हू’ नावाची काळाच्या यंत्रातून फिरणाऱ्या माणसाची मालिका १९६३ साली सुरू झाली होती. पहिले कथानक दिग्दर्शित करणारा तरुण लखनौचा वारिस हुसेन, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा. त्यानेच बहुतेक भाग केलेल्या १९६४ च्या ‘मार्को पोलो’ कथानकात जोहराबींनी काम केले. त्या भागांच्या फिती पुढे पुसल्या गेल्या, आता आवाज तेवढा शिल्लक आहे. जोहराबी मात्र २०१४ पर्यंत, १०२ वर्षे जगल्या. हिजरी हिशेबाने १०५. ‘सर, इतनी बूढी और खलाबाज?’ असे एका मुलीने विचारले होते. आम्ही म्हटले, वयाचा हिशेब कागदावर होतो, माणसात होत नाही.

आता विरोधाविषयी. आमच्या गावातले एक बुजुर्ग, ज्यांना सगळे हाजीचाचा म्हणतात, एकदा शाळेच्या दारात थांबले. नातवाने घरी मोगॅम्बोच्या वाढदिवसाचे सांगितले होते. ‘मास्टर, बच्चों को नमाज सिखाव. ये अ‍ॅक्टरां की सालगिरा कायकू?’ चाचांचा राग खरा होता. वाढदिवस ही परक्यांची रीत, बिदअत, आणि त्यातही नटांचा! आम्ही त्यांना आत बोलावले, पाणी दिले, तक्ता दाखवला. केक कापत नाही हे सांगितले. आमच्या मजहबात या विषयावर दोन मते आहेत आणि दोन्हींकडे आलिम आहेत, हे आम्ही जाणतो. सोमवारच्या रोज्याविषयी विचारले असता, त्या दिवशी माझा जन्म झाला, असे हुजूर (स.) यांनी फर्मावल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. एक पक्ष म्हणतो, म्हणजे जन्मदिवसाची याद जायज. दुसरा म्हणतो, याद करायची तर रोजा ठेवून करा, मिठाई वाटून नव्हे. आम्ही शाळामास्तर, फतवा देणे आमचे काम नाही. चाचांना आम्ही एवढेच म्हटले, की इथे कोणाची पूजा होत नाही, इथे तारीख शिकवली जाते. चाचा ‘देखो बाबा’ म्हणून गेले. त्यांचे समाधान झालेले नव्हते, आणि ते आम्हीही गृहीत धरले नाही.

तारीख शिकवली जाते, हे आम्ही बोलून गेलो खरे. त्याचा पुरा अर्थ पुढच्या वर्षी नसीरुद्दीन शहांच्या पाळीला उघड झाला. २००३ च्या एका इंग्रजी चित्रपटात त्यांनी कॅप्टन नेमो केला आहे. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला हा पाणबुडीवाला नेमो मुळात हिंदुस्थानी राजपुत्र, म्हणून मुलांना त्याचे विशेष. २००६ च्या ‘क्रिश’मध्ये भविष्य पाहणारे यंत्र बनवणारा शास्त्रज्ञही तेच. तक्त्यावर तारीख लिहायची वेळ आली तेव्हा एका मुलाने २० जुलै १९४९ आणली, दुसरीने १६ ऑगस्ट १९५०. वर्गात भांडण. मग आम्ही सांगितले, दोघेही बरोबर आहेत. २०१४ साली आलेल्या आत्मचरित्राच्या सुरुवातीलाच शहासाहेबांनी लिहिले आहे, की आपला जन्म बाराबंकीला १९४९ च्या जुलैतला की १९५० च्या ऑगस्टमधला, हे नंतर घरात कोणालाच नक्की सांगता आले नाही.

वर्ग एकदम गप्प झाला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, इतना बडा अ‍ॅक्टर, और उसकी भी तारीख पक्की नहीं?’ आणि लगेच दुसरा, ‘मेरी दादी की भी नहीं है.’ तिसरा, ‘मेरे अब्बा की एक जून है.’ ‘मेरे नाना की भी.’ ‘मेरे भी.’ हात वर होत गेले. नटांच्या तारखा तोंडपाठ असलेल्या त्या मुलांना आपल्या दादा-दादींच्या तारखा ठाऊक नव्हत्या. ज्यांना ठाऊक होत्या, त्या सगळ्या १ जूनच्या.

आम्ही म्हटले, घरी जाऊन विचारा. तारीख विचारू नका, कारण तारीख विचारली की १ जूनच मिळेल. गोष्ट विचारा. त्या वर्षी काय झाले होते? पाऊस होता का? कोणता चाँद होता? कोणाची शादी होती?

आठ दिवसांत वह्या भरून आल्या. कोणी बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर जन्मलेला, कोणी मिलो ज्वारी खाल्ली त्या वर्षीचा. आठवीतल्या एका मुलीची नानी म्हणाली होती, ‘मी भूकंपाच्या आठवड्यातली. रात्री सहेरीसाठी आई भाकरी थापत होती, तेव्हा भांडी वाजली. मी पोटात होते. त्याच जुम्म्याला झाले.’ आम्ही मुलांना कोयनेच्या भूकंपाची तारीख शोधायला सांगितली. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटे. तो वार सोमवार निघाला. हिजरी कॅलेंडर मांडले तर १३८७ सालचा रमजान, पहिला आठवडा उलटलेला. सहेरीची वेळ तंतोतंत जुळली. म्हणजे त्या आठवड्यातला जुम्मा १५ डिसेंबर १९६७. नानीच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९६७ आहे, आधार कार्डावर १ जानेवारी. तिघांपैकी खरी तारीख तिच्या आठवणीतली आणि तीच कुठल्या कागदावर नव्हती.

मुलीने घरी जाऊन सांगितले तेव्हा नानी आधी हसली. ‘मंग मैं छे महिने छोटीच हुई की!’ मग बराच वेळ बोलली नाही. नंतर नातीला म्हणाली, तारीख कागदावर लिहून दे. १५ डिसेंबर २०२४ रविवार होता. त्या दिवशी घरी शीरखुर्मा झाला. एरवी तो ईदलाच होतो. आम्हालाही वाटीभर आला. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा तिला तिचा दिवस मिळाला होता. दाखला बदलला नाही, बदलायला ती गेलीही नाही. कार्यालयांच्या पायऱ्या चढण्याचे तिचे वय नव्हते. पण घरात आता १ जून कोणी म्हणत नाही.

हे गावभर झाले. एका संध्याकाळी हाजीचाचा आमच्या ओट्यावर येऊन बसले. इकडचे तिकडचे बोलले. उसाचा भाव, बिबट्या कोणाच्या मळ्यात दिसला, कुकडीला पाणी कधी सुटणार. मग हळूच म्हणाले, ‘मास्टर, पानशेत फुट्या उस साल की बारावफात कौनसी तारीख कू थी?’ पानशेतचे धरण फुटले १२ जुलै १९६१ रोजी. तेव्हा मुहर्रम संपत आला होता. त्यानंतरची बारा रबीउल अव्वल मोजली तर २४-२५ ऑगस्ट १९६१ येते. चाँदचा एक दिवस इकडेतिकडे धरावा. आम्ही तारीख सांगितली. चाचांच्या कागदांवर १ जून १९६० आहे. ज्यांनी आम्हाला सालगिरहवरून हटकले, ते स्वतः बारावफातच्या दिवशी जन्मलेले होते. आम्ही काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत. त्यांचे मत आजही तेच आहे आणि तक्ता त्यांना आजही पसंत नाही. पण तारीख त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतली, हे आम्ही पाहिले.

आमच्या गावाला खरे तर तारखांचा वाद नवा नाही. बोरीला कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यावर पुष्कळ काम केले. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची, असे अनेक विद्वान मानतात. काहींनी ती लाखो वर्षे जुनी ठरवली. राखेच्या जन्मतारखेसाठी विद्वान इतकी वर्षे झटत असतील, तर जित्या माणसाच्या तारखेसाठी आम्ही चार संध्याकाळी का झटू नये?

ही नुसती हौस नाही, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नसावी. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला. त्या हिवाळ्यात मालेगावात जन्माच्या दाखल्यांसाठी हजारोंनी अर्ज केले, लोक पहाटेपासून रांगेत उभे राहिले, हे वर्तमानपत्रांनी छापले. आमच्या तालुक्यातही घराघरांतल्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. कोणाच्या दाखल्यावर नाव एक तर रेशनकार्डावर दुसरे, कोणाचे वय लहान भावापेक्षा कमी. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यापूर्वी जन्मलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांची नोंद कुठेच नाही. आपण या मातीत जन्मलो, याची ग्वाही आपल्यापाशी एका मास्तरने अंदाजाने लिहिलेल्या १ जूनची, ही जाणीव त्या हिवाळ्यात अनेकांना पहिल्यांदा टोचली.

मालेगावचे नाव निघाले तर शफीकविषयी लिहायलाच हवे. तक्त्यावरचे ते शेवटचे नाव. यंत्रमागावर काम करणारा हडकुळा शफीक शेख शेख नासीर यांच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये सुपरमॅन झाला. त्याचा शत्रू परग्रहावरचा नव्हता. गावातली घाण आणि तंबाखू हेच त्याचे शत्रू. फैजा अहमद खान यांनी २००८ साली या चित्रपटाच्या घडणीवर माहितीपट काढला आणि शफीक परदेशातल्या महोत्सवांतून लोकांना दिसला. पडद्यावर तंबाखूशी लढणारा हा पोरगा २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने गेला. पुढे रीमा कागती यांनी ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ काढला. तो २८ फेब्रुवारी २०२५ रोजी, शुक्रवारी, चित्रपटगृहांत आला. त्याच दिवशी संध्याकाळी सगळे रमजानचा चाँद शोधत होते.

शफीकचे नाव लिहायचे तर तारीख कोणती घालायची? मुलांत चर्चा झाली. एकाने १ जून सुचवली, तेव्हा सगळे त्याच्यावर ओरडले. शेवटी एका मुलीने तोडगा काढला, २८ फेब्रुवारी. एक तर तो चित्रपटाचा दिवस. दुसरे, तो राष्ट्रीय विज्ञान दिन. आमच्या जवळ खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते, पंचक्रोशीतल्या शाळांची मुले आपापली यंत्रे घेऊन जातात. ज्या दिवशी आमची मुले आकाशाचे आवाज टिपणाऱ्या तबकड्या पाहायला जातात, तो दिवस मालेगावच्या उडणाऱ्या माणसाचा, असे ठरले. खाली मुलांनी मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘ये तारीख हमने दी है.’ मास्तरने दिलेला १ जून आणि मुलांनी दिलेला २८ फेब्रुवारी यांत फरक काय, असे कोणी विचारले तर आम्ही सांगू, पहिली तारीख माणूस न विचारता लिहिली गेली, दुसरी माणूस आठवून.

आज त्या तक्त्याशेजारी दुसरा तक्ता आहे. त्यावर मुलांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांची नावे, शेजारी कागदावरची तारीख, त्याच्या शेजारी घरची तारीख आणि ती कशावरून काढली हे एका ओळीत. एकतीस नावे झाली आहेत. एका मुलाचे दादा २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेले, तक्ता लागण्याआधी. त्यांना त्यांच्या वालिदांनी काय सांगितले होते, हे विचारायला आता कोणी उरलेले नाही. त्यांच्या नावापुढे तिसरा रकाना कोरा आहे आणि मुलगा तो कोराच ठेवा म्हणतो.

नव्या पोरांची आम्हाला काळजी नाही. जन्म एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदवायचा, हे आता बहुतेकांना माहीत झाले आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच दाखवावा लागणार आहे, तेव्हा तो काढलाच जाईल. काळजी जुन्यांची आहे. त्यांच्या तारखा पेटीत नाहीत, त्यांच्या बोलण्यात आहेत, भूकंपात, पुरात, दुष्काळात आणि चाँदमध्ये अडकलेल्या. वाचकहो, हा अंक हातातून खाली ठेवाल तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्क माणसाशेजारी जाऊन बसा. तारीख विचारू नका. त्या वर्षी पाऊस कसा होता, एवढे विचारा.